जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलं. दोष इथेनॉलचा किती आणि फाटलेल्या रबराचा किती?

गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात चर्चा असते ती उसाच्या दराची आणि तोडीच्या टोळ्यांची. यंदा त्यात एक नवीन विषय शिरलाय. पारावर, डेअरीवर, गॅरेजवर, कुठेही उभं राहा, एकच तक्रार कानावर येते. गाडीचं ॲव्हरेज पडलं. कुणी सांगतो पाच किलोमीटरनं पडलं, कुणी सांगतो पंधरानं. आणि कारण सगळ्यांचं ठरलेलं आहे : पेट्रोलमधलं इथेनॉल.

सरकार म्हणतं फरक किरकोळ आहे. लोक म्हणतात आमचा खिसा खोटं बोलत नाही. यात एक बाजू पूर्ण खोटी आणि दुसरी पूर्ण खरी, असं मात्र नाही. इथेनॉलमुळे ॲव्हरेज पडतं, हे सरकारनंही मान्य केलंय. पण जे पडलंय ते सगळं इथेनॉलमुळेच पडलंय, हे आकड्यात बसत नाही. उरलेला भाग जुन्या गाडीतच कुठेतरी लपलेला असतो, आणि बऱ्याच वेळा तो कार्बोरेटरच्या मागच्या एका चिरलेल्या रबरात सापडतो. गोम अशी आहे की नव्या पेट्रोलमुळेच ते चिरलेलं रबर आता जास्त त्रास द्यायला लागलंय. म्हणून दोन्ही हिशोब एकत्र मांडायला हवेत.

पंपावर नेमकं काय बदललं?

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं काही आजचं नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० साठी ठेवलं होतं. २०२२ मध्ये ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं. १० टक्क्यांचा टप्पा देशानं जून २०२२ मध्येच गाठला. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत पंतप्रधानांच्या हस्ते ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं केंद्रानं जाहीर केलं. आता गावातल्या पंपावर जाल तर साधं पेट्रोल म्हणजे ई-२०च. दुसरा पर्याय नाही.

गाड्यांचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबर, पाइप, पॅकिंग ई-२० ला टिकतील असे आहेत. त्याआधीची गाडी त्या हिशोबानं बनलेली असेलच असं नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा दुचाकीत फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधीच्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरच्या. आणि आपल्या वाड्यावस्त्यांवर रोज पळणाऱ्या गाड्या कोणत्या? दहा, बारा, पंधरा वर्षांच्या. दुधाचे कॅन, वैरणीचे भारे, खताचं पोतं आणि वर दोन माणसं घेऊन कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्या. ई-२० चा खरा प्रश्न या गाड्यांचा आहे.

इथेनॉलचा वाटा किती?

हा हिशोब सोपा आहे. एक लिटर पेट्रोल जाळलं की जेवढी ताकद मिळते, त्याच्या साधारण दोन तृतीयांश ताकद एक लिटर इथेनॉलमधून मिळते. म्हणजे पाचातला एक भाग इथेनॉलचा असेल तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागं ताकद सहा ते सात टक्क्यांनी कमी होते. हा निसर्गाचा नियम आहे, त्यावर कुणाचं भाषण चालत नाही.

पण आपण शुद्ध पेट्रोलवरून थेट ई-२० वर आलेलो नाही. २०२२ पासूनच पंपावर १० टक्क्यांच्या आसपास मिश्रण मिळत होतं. १० वरून २० वर जाताना ताकद कमी होते ती साडेतीन टक्क्यांच्या जवळपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही असाच अंदाज होता. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० ला जुळवलेल्या चारचाकीचं १ ते २ टक्क्यांनी घटेल, असं त्यात म्हटलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा केला, त्यात जुळवलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के आणि बाकीच्यांसाठी ३ ते ६ टक्के घट सांगितली.

आता हे आपल्या गाडीला लावून बघू. समजा तुमची शंभर सीसीची गाडी ६० चं ॲव्हरेज देत होती. चार टक्के घट धरली तर ती ५७-५८ द्यायला हवी. सहा टक्के धरली तरी ५६ च्या पुढं. पण तुमची गाडी ४५ देत असेल, तर ती घट २५ टक्क्यांची झाली. एवढी घट करायची ताकद इथेनॉलमध्ये नाही.

पैशात बघा. महिन्याला ९०० किलोमीटर गाडी चालते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं, तर ६० च्या ॲव्हरेजला १५ लिटर लागतं. ५७.६ च्या ॲव्हरेजला साधारण ६५ रुपयांचं जास्त लागतं. ४५ च्या ॲव्हरेजला २० लिटर लागतं, म्हणजे ५२० रुपये जास्त. वर्षाला एक फरक ७८० रुपयांचा, दुसरा ६,२४० चा. पहिला सरकारच्या धोरणाचा आहे, त्यावर भांडायचं तर जरूर भांडावं. दुसऱ्यातला मोठा भाग मात्र आपल्या गाडीतच आहे, आणि तो काही शे रुपयांत थांबवता येऊ शकतो.

गाडी बाहेरून हवा ओढते म्हणजे काय?

विहिरीवरचा पंप ज्यांनी चालवलाय त्यांना हे लगेच कळेल. सक्शन पाइपला बारीक चीर असली की पंप पाणी कमी आणि हवा जास्त ओढतो. इंजिनाचंही तसंच. पिस्टन खाली गेला की तो हवा आत ओढतो. ती हवा एअर फिल्टरमधून कार्बोरेटरमध्ये येते, तिथं तिच्यात मोजून पेट्रोल मिसळतं आणि मिश्रण इंजिनात जातं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या भागात कुठं चीर असेल, तर न मोजलेली हवा तिथून आत शिरते. तिच्या वाट्याचं पेट्रोल कुणीच सोडलेलं नसतं. मिश्रण पातळ होतं.

गाडी स्लोला उभी असते तेव्हा कार्बोरेटरचा पडदा जवळजवळ बंद असतो, त्यामुळे आतली ओढ सर्वात जास्त असते. चिरेतून हवाही तेव्हाच जास्त शिरते. गाडी पळायला लागली, पडदा उघडला की ओढ कमी होते आणि चिरेचा परिणामही कमी होतो. पुढं कारण ओळखताना हीच गोष्ट कामाला येते.

आता कुणी विचारेल, मिश्रण पातळ झालं म्हणजे पेट्रोल कमी लागायला पाहिजे, मग ॲव्हरेज का पडतं? पडतं ते आपण त्यावर जे उपाय करतो त्यामुळे. गाडी सकाळी चालू होत नाही म्हणून चोक ओढून अर्धा रस्ता काढायचा. स्लोला बंद पडते म्हणून रेस वाढवून ठेवायची. ओढत नाही म्हणून ॲक्सिलरेटर जास्त पिळायचा आणि खालच्या गिअरला पळवायची. गॅरेजवर नेली तर स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवून घ्यायचं. हे सगळं मिळून टाकी रिकामी होते, चीर मात्र तशीच राहते. शिवाय पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, ते वेगळंच.

इथेनॉल आणि चीर : दोघांचा परिणाम एकाच दिशेला

सरकारच्या खुलाशात आणि लोकांच्या तक्रारीत, दोन्हीकडं सुटलेला मुद्दा हा आहे.

एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला नऊ किलोच पुरते, कारण इथेनॉलच्या पोटातच थोडा ऑक्सिजन असतो. ई-२० ला लागते साडेतेरा किलोच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत आता इंधन जास्त सोडायला हवं. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरजवळचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि गाडी स्वतःच इंधन वाढवते. कार्बोरेटरला तसं डोकं नसतं. त्याच्या जेटचं भोक कंपनीतून आलं तेवढंच. त्यामुळे १० वरून २० टक्क्यांवर गेल्यावर कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण जवळपास चार टक्क्यांनी पातळ होतं.

धडधाकट गाडी एवढं सहन करते, चालवणाऱ्याला फारसं जाणवतही नाही. पण जिच्या रबराला आधीच बारीक चीर आहे, ती आधीपासूनच काठावर होती. जुन्या पेट्रोलवर तिचं कसंबसं भागत होतं. ई-२० आलं आणि ती काठावरून खाली आली. मालकाला दिसतं ते एवढंच की पेट्रोल बदललं आणि गाडी बिघडली. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण ते अर्धंच आहे.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक, जुन्या पद्धतीची काही रबरं इथेनॉलमध्ये फुगतात, आणि गाडी उभी राहून सुकली की कडक होऊन चिरतात. पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरच्या ओ-रिंगा आणि फ्लोटच्या सुईचं टोक ही त्यातली नेहमीची ठिकाणं. दोन, इथेनॉल टाकीतला आणि पाइपातला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं. तो गाळ येऊन जेटमध्ये अडकतो. जेट अर्धं बंद झालं की पेट्रोल कमी, पुन्हा मिश्रण पातळ. लक्षणं चिरेसारखीच.

मंत्रालयाच्या ऑगस्टच्या खुलाशातही एक वाक्य होतं, ते फार कुणी वाचलं नाही. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि पॅकिंग बदलावे लागू शकतात, ते स्वस्त आहे आणि सर्व्हिसिंगमध्ये होतं, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे रबराचा प्रश्न सरकारला माहीत आहे. फक्त तो कुठल्या गाडीचा कुठला भाग, हे गावातल्या गाडीवाल्याला कुणी सांगितलेलं नाही.

ओळखायचं कसं? आधी वही, मग पाना

ॲव्हरेज अंदाजानं काढू नका. शंभराचं पेट्रोल टाकून किती दिवस पुरलं, हा हिशोब नव्हे. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा. जेवढे किलोमीटर झाले त्याला जेवढं लिटर बसलं त्यानं भागा. असं तीन वेळा करा आणि सरासरी धरा. त्याआधी मीटरची केबल चालू आहे का ते बघा. आपल्याकडं निम्म्या जुन्या गाड्यांचं मीटर मेलेलं असतं आणि ॲव्हरेजचा वाद मात्र जोरात चालतो.

मग साध्या गोष्टी तपासा. टायरात हवा बरोबर आहे का. गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा, ब्रेक धरत असेल तर लगेच कळतं. क्लच घसरतोय का, चेन कोरडी आहे का, पेट्रोल कॉकमधून गळती आहे का. या पाच गोष्टींत ॲव्हरेजचं निम्मं रडगाणं मिटतं आणि त्यात इथेनॉलही नसतं आणि चीरही.

हे सगळं ठीक असेल तर पुढची लक्षणं बघा.

घट सगळीकडं सारखी आणि थोडी असेल, गाडी चालू होते, स्लोला टिकते, ओढते, फक्त लिटरमागं दोन-तीन किलोमीटर कमी देते, तर तो वाटा इथेनॉलचा धरा. त्यावर गॅरेजमध्ये पैसे घालवू नका.

गाडी गरम होऊनही चोक मागते, स्लोला कधी वर कधी खाली होते, रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट होते, पण मोठ्या रस्त्यावर वेगात गेल्यावर बरी चालते, तर बाहेरून हवा शिरत असण्याची शक्यता जास्त.

स्लोला ठीक पण रेस दिल्यावर अडखळते, चढाला दम सोडते, तर आधी मेन जेट, पेट्रोल फिल्टर आणि टाकीतलं पाणी बघा.

प्लगही काढून बघा. टोकाचा रंग विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, काळी काजळी असेल तर जाड. काळा असेल तर चीर शोधत बसू नका, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा चोक पूर्ण बंद होत नसेल. पीयूसीचा कागदही नीट वाचा. त्यावर कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र जास्त दिसत असेल, तर पातळ मिश्रणामुळे इंजिन मधूनमधून जळण चुकवतंय असा संशय घ्यायला जागा आहे.

चीर शोधण्याचा घरचा उपाय

कार्बोरेटर आणि इंजिनाच्या हेडमध्ये जे जाड रबर किंवा तुकडा असतो, तो पहिला संशयित. वरून तो चांगला दिसतो. गाडी थंड असताना बोटानं दाबून थोडा वाकवा, बारीक चिरा उघडतात. दुसरा संशयित म्हणजे तिथली ओ-रिंग आणि पॅकिंग. तिसरा, नट जास्त आवळून वाकलेली कार्बोरेटरची पट्टी. कुठल्या गाडीला बाजूला बारीक नळी किंवा रबरी टोपी असते, ती निघाली का बघा. फार चाललेल्या गाडीत कार्बोरेटरच्या पडद्याचा दांडा झिजून तिथूनही हवा जाते, पण तो शेवटचा संशय.

नक्की करायचं तर गाडी गरम करून स्लोला लावा. हातातल्या छोट्या फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घ्या आणि त्या रबराच्या सांध्यावर थोडंसं फवारा. चीर असेल तर पाण्यानं ती क्षणभर झाकली जाते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. एअर फिल्टरकडं फवारू नका आणि तापलेल्या सिलिंडरवर गार पाणी ओतू नका. काही गॅरेजवर सिरिंजनं पेट्रोल टाकून हीच चाचणी करतात. आवाज बदलतो हे खरं, पण गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रेही पेट घेतो. पाण्यानं भागतंय तोवर दुसरं काही वापरू नये.

चीर सापडली तर फेव्हिक्विक, एम-सील, सायकलचं ट्यूब असले जुगाड महिनाभर टिकतात आणि पुन्हा तोच ताप. रबर आणि ओ-रिंग नवीन घाला, मापाची घाला. त्यानंतरच स्क्रू आणि स्लो जुळवून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. चीर तशीच ठेवून स्क्रू फिरवला तर स्लोला गाडी सुधारल्यासारखी वाटते आणि रस्त्यावर पेट्रोल पिते. सध्या काही ठिकाणी ई-२० साठी म्हणून एक माप मोठं जेट घालून देतात. धडधाकट गाडीत तो विचार अगदीच चुकीचा नाही, पण हवेची गळती बंद न करता मोठं जेट म्हणजे फुटक्या पाटाला जास्त पाणी सोडण्यासारखं आहे.

जुन्या चारचाकीत ब्रेकचाही प्रश्न

बाजाराला भाजी नेणाऱ्या जुन्या पेट्रोल व्हॅन, शाळेच्या गाड्या अजून तालुक्यात फिरतात. त्यांच्या इंजिनाच्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो. इंजिनापासून बूस्टरपर्यंत जाणारा जाड पाइप चिरला तर ॲव्हरेज जातंच, पण ब्रेकही जड होतो. हे तपासायला एक मिनिट लागतं. गाडी बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून ठेवूनच गाडी चालू करा. पेडल थोडं खाली बसायला हवं. बसलं नाही किंवा सूं सूं आवाज आला, तर गाडी आधी गॅरेजला न्या, ॲव्हरेजचं नंतर बघू.

इंजेक्शनच्या पहिल्या पिढीतल्या गाड्यांत काही ठिकाणी आतला दाब मोजून पेट्रोल ठरतं. तिथं चिरेतून हवा शिरली की दाब वाढतो, कॉम्प्युटरला वाटतं इंजिनावर लोड आला आणि तो पेट्रोल वाढवतो. अशा गाडीत स्लो आपोआप चढलेला राहतो.

ज्या इंजिनांची चर्चाच नाही

दुचाकी-चारचाकीवर सगळे बोलतायत, पण शेतकऱ्याच्या घरात पेट्रोलवर चालणारं एवढंच नाही. फवारणीचा पेट्रोल पंप, ग्रास कटर, छोटा वीडर हेही त्याच पेट्रोलवर चालतात. त्यांचे कार्बोरेटर नाजूक, आत पातळ रबरी पडदे. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. शिवाय ही यंत्रं हंगामात आठ दिवस चालतात आणि चार महिने कोपऱ्यात पडतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, वर पेट्रोल राहतं. पुढच्या हंगामात दोरी ओढून हात दुखतो, यंत्र काही उठत नाही.

उपाय फुकट आहे. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. जास्त दिवस उभ्या राहणाऱ्या दुचाकीलाही हेच लागू. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर बघायला विसरू नका.

ऊसवाल्यानं कुठल्या बाजूनं बोलायचं?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अवघड होतो तो इथं. ज्याच्या गाडीचं ॲव्हरेज पडतं, त्याचाच ऊस कारखान्याला जातो. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर आहे, तर २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरलीय. मधला खड्डा कारखाने इथेनॉलवर भरतात. त्यामुळे इथेनॉल बंद करा म्हणणं आपल्याला परवडणारं नाही.

पण इथेनॉल म्हणजे उसाचंच, हेही आता खरं राहिलेलं नाही. मक्यापासून होणारं इथेनॉल उसाच्या इथेनॉलच्या पुढं गेलंय. खरेदीचा दर बघा. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये, बी-हेवी मळीच्या ६०.७३, सी-हेवी मळीच्या ५७.९७, आणि मक्याच्या ७१.८६. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर एका रात्रीत निर्बंध आले होते, ते पुढच्या वर्षी उठले. म्हणजे वाहनधारकानं सोसायचं ते उसाच्या शेतकऱ्यासाठी, असं सरळ गणित मांडता येत नाही. इथेनॉलमुळे १ लाख ४४ हजार कोटींहून अधिक परकीय चलन वाचलं, असं सरकार सांगतं. देशाचं वाचलं, चांगलंच आहे. पण लिटरमागं ताकद कमी झाली आणि पंपावरचा दर तसाच राहिला, तर त्या बचतीतला वाटा गाडीवाल्याला मिळाला नाही, एवढंही सरकारनं मान्य करावं.

इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्या आणि पंपावर मिश्रणाची पाटी लावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. कायद्याचा दरवाजा सध्या तरी बंद झाला. पण बाहेर काय चालतं ते बघा. ब्राझीलनं ऑगस्ट २०२५ पासून मिश्रण ३० टक्क्यांवर नेलं, पण तिथं कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षं रस्त्यावर आहेत. अमेरिकेत १५ टक्क्यांचं पेट्रोल विकताना पंपावर पाटी लावावी लागते आणि ते मोटरसायकलमध्ये वापरायला मनाई आहे. आपल्याकडं देशातली बहुतेक वाहनं दुचाकी, आणि त्यांनाच विचारलं गेलं नाही.

मागायचं ते हे

पंपावर मिश्रणाचं प्रमाण मराठीत ठळक लिहा. त्याला खर्च येतो एका पाटीचा. वाहन कंपन्यांनी जुन्या मॉडेलसाठी बदलायच्या रबर-पॅकिंगची यादी आणि किंमत जाहीर करावी, आणि तो संच तालुक्याच्या दुकानात मिळावा. मंत्रालय म्हणतं तो खर्च किरकोळ आहे, मग यादी द्यायला अडचण नसावी. तालुक्यातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची मुलं शिकतात, त्यांच्या हातून आठवडी बाजाराच्या दिवशी जुन्या दुचाकींची हवेच्या गळतीची तपासणी ठेवली, तर मुलांचा सराव होईल आणि लोकांचे पैसे वाचतील. फवारणी पंपासारख्या छोट्या इंजिनांबाबत कृषी विभागानं एक साधं पत्रक काढावं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वही घाला, तीन टाक्या मोजा. घट पाच-सहा टक्क्यांच्या आत असेल तर ती धोरणाची आहे, त्यासाठी लोकप्रतिनिधीला विचारा. त्याहून जास्त असेल तर आधी बॅटरी घेऊन कार्बोरेटरच्या मागचं रबर बघा. आकडा हातात असलेल्या माणसाला मंत्रीही उडवून लावू शकत नाही आणि गॅरेजवालाही फसवू शकत नाही.